बाराशे किलो, पण कुठे?

‘भाऊजी, बाराशे किलो उचलतंय म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत ना? मग एवढ्याशा शेणखतानं ते उलथायला का लागलं?’

आमच्या थोरल्या वहिनींनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी ओसरीवर पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसलो होतो, आणि तांब्या थोडा थरथरत होता. २०२३ सालचा मे महिना. कृष्णाकाठचं, वाळवे तालुक्यातलं आमचं गाव. तासाभरापूर्वी परड्यामागच्या उकिरड्यावर जे घडलं त्यात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तरीही घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वहिनींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसून ट्रॅक्टर, पंप, पाइपलाइन यांची कोटेशनं वाचण्यात माझी नोकरी गेली. ‘क्षमता’ या रकान्यासमोरचा आकडा बघायचा, किंमत बघायची आणि सही करायची. तो आकडा कशाचा असतो, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. पुतण्यानं ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवायचा ठरवला तेव्हाही मी पत्रक हातात घेऊन म्हणालो होतो, ‘बाराशे किलो? भरपूर झालं की!’

लोडर घेणं ही चैन नव्हती. ज्यांनी उकिरडा उपसला आहे त्यांना हे सांगायला नको. वर्षभराचं शेण, गोठ्यातलं उष्टावळ, पाचट, चुलीतली राख असं सगळं खड्ड्यात साठत जातं आणि उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, ते रानात जायला हवं. आमच्या लहानपणी दहा-बारा बायका पाट्या घेऊन ओळीनं लागत आणि चार दिवस गाड्या भरल्या जात. आता त्या बायकाही नाहीत आणि त्या गाड्याही नाहीत. मजूर मिळाला तर उसाच्या भरणीला मिळतो, उकिरड्यात उतरायला कुणी तयार होत नाही. पुतण्याकडे पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर होता. त्याच्या पुढे दोन लोखंडी हात, त्यांच्या टोकाला बकेट आणि हे सारं उचलणारे दोन जॅक बसवले की माणसांचं चार दिवसांचं काम एका सकाळीत होतं. पहिला उन्हाळा तसाच गेला. शेजारच्या चार घरांचे उकिरडेही त्यानं उपसून दिले आणि हप्त्याचे पैसे सुटले.

दुसऱ्या उन्हाळ्यात वळीव झाला. चांगला दोन तास कोसळला. दोन दिवस थांबून पुतण्यानं काम सुरू केलं. वरचं खत वाळलं होतं, पण खड्ड्याच्या तळाला पाणी मुरलेलं होतं. ट्रॉली थोडी उंचावर उभी होती. आमच्याकडे वीस वर्षं राबणारे मामा फावडं घेऊन ट्रॉलीच्या फाळक्याशी उभे होते, पडलेलं खत सारखं करायला. पुतण्यानं तळातून बकेट भरली, वर शीग आली होती. ट्रॅक्टर मागे घेतला, बकेट फाळक्याच्या वर उचलली आणि ट्रॉलीकडे वळवत असताना पुढचं एक चाक खड्ड्याच्या भुसभुशीत काठावर गेलं. चाक वीतभर खचलं असेल, जास्त नाही. पण त्यासरशी मागचं उजवं चाक जमिनीवरून सुटलं. मी गोठ्याच्या दारात होतो. एवढं मोठं चाक हवेत फिरताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बकेट फाळक्यावर आदळली, फाळका वाकला आणि त्यानंच ट्रॅक्टर अडवला. मामा एक पाऊल मागे सरकले होते म्हणून वाचले. का सरकले, हे त्यांनाही सांगता आलं नाही. ‘पाय वाचला म्हनायचा, तात्या,’ एवढंच म्हणाले आणि फावडं शोधायला लागले.

त्या रात्री मी कपाटातून दोन्ही पत्रकं काढली, ट्रॅक्टरचं आणि लोडरचं. चष्मा पुसून पहिल्यांदाच मागची बाजू वाचली.

ट्रॅक्टरच्या पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : उचल क्षमता १८०० किलो. पुतण्याच्या मनात हा आकडा घट्ट बसलेला होता. ‘तात्या, ट्रॅक्टर अठराशे उचलतो, लोडर बाराशेचा आहे, मी तर सातशेसुद्धा घेतले नव्हते,’ असं तो म्हणत होता. पण अठराशेचा आकडा मागच्या लिफ्टचा. नांगर, रोटाव्हेटर जिथे अडकवतो त्या खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला. पुढच्या लोडरशी त्याचा काही संबंध नाही. मागचं वजन मोठ्या चाकांच्या जवळ असतं, पुढचं लहान चाकांच्याही पुढे लोंबतं. आणि मागच्या लिफ्टचंही एकच मोजमाप पुरत नाही म्हणून चाचणीच्या नियमांत दुसरंही मोजतात, दांड्यांच्या टोकापासून ६१० मिलिमीटर मागे. तिथे आकडा उतरतो. पत्रकावर कोणता छापायचा ते छापणाऱ्याच्या हाती.

लोडरच्या पत्रकावर पुढे १२०० किलो होतं. मागे, बारीक टायपात, एक तक्ता होता. त्यात चार आकडे होते. पिनेपाशी जमिनीलगत १२००. पिनेच्या ८०० मिलिमीटर पुढे, जमिनीलगत, ८८०. पिनेपाशी पूर्ण उंचीवर ९००. आणि पिनेच्या ८०० मिलिमीटर पुढे, पूर्ण उंचीवर, ६२०. म्हणजे जाहिरातीतलं बाराशे खोटं नव्हतं. चारांतलं सगळ्यात मोठं तेवढं पुढे आणून ठेवलं होतं.

ही पिन कुठली? लोडरच्या हातांच्या टोकाला ज्या खिळीभोवती बकेट वरखाली झुकते ती. तिथे नुसता साखळदंड बांधून वजन टांगलं तर जेवढं उचललं जाईल तो पिनेपाशीचा आकडा. पण शेणखत पिनेला टांगता येत नाही. ते बकेटमध्ये असतं आणि बकेट पिनेच्या पुढे असते. म्हणून तक्ता करणारे पिनेच्या पुढचं एक ठिकाण धरतात. काही ५०० मिलिमीटर धरतात, काही ८००. दोन कंपन्यांच्या लोडरची तुलना करताना हे अंतर सारखं आहे की नाही ते आधी बघायला हवं, नाहीतर ५०० वाला उगाच ताकदवान वाटतो. वहिनींना मी दुसऱ्या दिवशी हेच सांगत होतो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘भरलेली घागर कमरेवर घेतली तर नदीवरून घरापर्यंत येते. तीच हात लांब करून धरा म्हटलं तर दारापर्यंत तरी जाईल का?’ मला बारीक टायपातून अर्धी रात्र लागली होती ते त्यांनी एका घागरीत बसवलं.

आता उंचीचं. हात वर जाताना ताकद का कमी व्हावी? जॅक तोच, तेल तेच. याचं उत्तर जॅकच्या तिरकेपणात आहे. दार ढकलताना आपण कडीपाशी, सरळ ढकलतो. बिजागरीपाशी ढकललं किंवा तिरकं ढकललं तर घाम फुटतो. लोडरचा जॅक मुळातच बिजागरीजवळ ढकलत असतो आणि बहुतेक लोडरांत हात जसजसा वर जातो तसतसा तो अधिक गैरसोयीच्या कोनातून ढकलायला लागतो. खाली जमिनीत रुतलेली बकेट उपटून काढायची ताकद निराळी मोजतात. तिला ब्रेकआउट फोर्स म्हणतात आणि तो आकडा आणखी मोठा दिसतो. काही पत्रकांवर तोच शोभेला असतो. त्यातून कधी कधी तो किलोन्यूटनमध्ये असतो किंवा परदेशी लोडर असेल तर पौंडांत. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा भार आणि एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही थोडं कमी. दोन हजार पौंड वाचून हुरळून जाऊ नये, ते नऊशे किलो झाले.

मी हिशेबाचा माणूस, मशिनचा नव्हे. पण आकड्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. जॅकचा आतला व्यास ६५ मिलिमीटर. म्हणजे तेल जिथे दाब देतं ती जागा सुमारे ३३ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १८० किलो धरला तर एका जॅकचा जोर जवळजवळ सहा हजार किलो होतो, दोघांचा बारा हजार! मग टोकाला बाराशेच का? कारण जॅक बिजागरीपासून वीतभर अंतरावर ढकलतो आणि पिन सव्वादोन मीटरवर असते. अंतर नऊपट, ताकद एक नवमांश. त्यातून हातांचं स्वतःचं लोखंड उचलायचं. राहिले बाराशे. टेप घेऊन मी हे ट्रॅक्टरवर मोजून पाहिलं. पुतण्या लांबून बघत होता, हसत नव्हता.

पुढे आणखी एक वजाबाकी आहे आणि ती पत्रकात कुठेच नसते. तक्त्यातला भार मोकळ्या हातांचा असतो. बकेटचं वजन आपण वजा करायचं. आमची बकेट १८० किलोची. ६२० मधून १८० गेले, उरले ४४०. (बकेटचं वजन पिनेच्या थोडं जवळ असतं म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण ढोबळ हिशेब सावध बाजूला चुकतो हे बरंच.) युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं आहे. त्या मापानं पूर्ण उंचीवर जेमतेम दहा पोती. बाराशे किलो म्हणजे सव्वीस पोती. सव्वीस पोत्यांच्या भरवशावर आम्ही दहा पोत्यांचं यंत्र चालवत होतो.

मग प्रश्न राहिला बकेटमध्ये त्या दिवशी होतं किती याचा. आमच्या भागात वजनकाटा हा शब्द निघाला की माणसाच्या कपाळाला आठी पडते. उसाच्या काट्यावर संशय घेणं हा इथला जुना छंद आहे, आणि सगळाच संशय खोटा असतो असंही नाही. गंमत अशी, की काट्यावर रात्रंदिवस संशय घेणाऱ्या आम्हा लोकांनी पत्रकावरच्या आकड्यावर मात्र कधी संशय घेतला नाही. असो. रस्त्यावरच्या एका खाजगी काट्यावर आम्ही ट्रॉली नेली. रिकामी ट्रॉली तोलली. मग वरच्या थरातलं वाळलेलं खत बकेटी मोजून भरलं, तोललं आणि बकेटींच्या संख्येनं भागलं. सुमारे तीनशे किलोची एक बकेट आली. मग तळातलं ओलं, मातीमिश्रित खत तसंच मोजलं. दर बकेटीला पाचशे तीसच्या आसपास.

बकेट तीच, शीगही जवळजवळ तेवढीच. वळवाच्या एका पावसानं आणि तळातल्या मातीनं तिच्यात सव्वादोनशे किलोंची भर घातली होती, आणि ती डोळ्यांना दिसत नव्हती. आपण शेतकरी माणसं मापाला वजन समजतो, कारण व्यवहार मापानं चालतात. वाळू ब्रासनं, मुरूम ब्रासनं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. अर्ध्या घनमीटरच्या सहा बकेटी म्हणजे ढोबळ मानानं एक ब्रास. पण ब्रासभर कोरडी वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. म्हणजे आमच्या त्या बकेटीत वाळू भरली असती तर एका खेपेला आठशे किलो झाले असते, आणि ओली असती तर आणखी जास्त. कडबा, पाचट, चिपाड हवं तेवढं भरा, बकेट ओसंडेल पण यंत्र दमणार नाही. म्हणून ‘बकेट किती लिटरची’ हा प्रश्न विचारला की लगेच ‘भरायचं काय’ हाही विचारायला हवा. मोठी बकेट हलक्या मालासाठी असते. विकणारा मोठी बकेट दाखवतो, घेणारा खूश होतो आणि नंतर तिच्यातच मुरूम भरतो.

इथपर्यंत सगळी गोष्ट तेलाच्या आणि जॅकच्या ताकदीची झाली. पण उकिरड्यावर जॅक हरला नव्हता. बकेट ४४० ऐवजी ५३० ची असूनही त्यानं ती उचलली, कारण फाळक्याची उंची ही पूर्ण उंची नव्हे. मधल्या उंचीवर त्याच्यात तेवढा जोर होता. हरला तो ट्रॅक्टर. हे कळायला मला माझ्या आजोबांची बैलगाडी आठवावी लागली.

आजोबा गाडी भरताना स्वतः उभे राहत. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून ते पोती सरकवायचे, जोखड हातानं उचलून बघायचे, पुन्हा सरकवायचे. चाकाचा आस हा तराजूचा काटा. लोडर लावलेल्या ट्रॅक्टरचा काटा म्हणजे पुढचा आस. एका पारड्यात बकेट, दुसऱ्यात ट्रॅक्टरचं स्वतःचं मागचं वजन.

आमचा ट्रॅक्टर सुमारे दोन हजार किलोंचा. त्यातले बाराशे मागच्या चाकांवर, आठशे पुढच्या. दोन आसांतलं अंतर दोन मीटर. त्या दिवशी बकेट आणि माल मिळून ७१० किलो, आणि ते पुढच्या आसाच्या साधारण दीड मीटर पुढे. तराजूचा हिशेब मांडला तर मागच्या चाकांवरून ५३० किलो उचलले गेले. बाराशेतले साडेसहाशे-पावणेसातशे उरले. लोडरच्या हातांनी त्यातलाही काही भार आधीच खाल्लेला. आणि पुढे काय झालं? पुढच्या आसावर ७१० वाढले असं आपल्याला वाटतं. वाढले ७१० अधिक ५३०, म्हणजे १२४० किलो. आधीचे आठशे आणि लोडरचं स्वतःचं वजन धरलं की लहान चाकांवर अडीच हजारांच्या घरात भार. नांगरताना ज्यांनी फक्त दिशा दाखवायची ती ही चाकं! स्टिअरिंग जड झालंय अशी पुतण्याची तक्रार पहिल्या उन्हाळ्यापासून होती. गॅरेजमध्ये ग्रीस भरून आणलं होतं.

तरीही सपाट जमिनीवर तो उलटला नसता, एवढं वजन मागे शिल्लक होतं. घात केला खचलेल्या चाकानं. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो, म्हणजे शेताच्या उंचसखल जमिनीवर चारही चाकं टेकतात. त्यामुळे चार चाकं दिसली तरी ट्रॅक्टर उभा असतो तीन टेकूंवर, मागची दोन चाकं आणि पुढची मधली खीळ. तीनचाकी रिक्षाच. रिक्षावाला वळणावर वेग का कमी करतो हे आपल्याला ठाऊक असतं. लोडरचं ओझं नेमकं या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाशी येतं, आणि ते वर उचललेलं असेल तर थोडासा कल पुरतो. म्हणून भरलेली बकेट नेताना गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची आणि ट्रॉलीपाशी थांबल्यावरच वर न्यायची, असं जाणती माणसं सांगतात. पुतण्यानं ती आधी उचलली आणि मग वळवली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

माती उपसणारे जे स्वतंत्र लोडर असतात, मधोमध दुमडणारे, मोठ्या चाकांचे, त्यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय मानकात एक शहाणपण घातलेलं आहे. असा लोडर पूर्ण वळलेला असताना किती भाराला तोल सोडतो ते काढायचं आणि त्याच्या निम्माच भार ‘कामाचा भार’ म्हणून जाहीर करायचा. जॅकची क्षमता त्याहून कमी असेल तर ती धरायची. म्हणजे निम्मी सावधगिरी आकड्यातच मिसळलेली असते. ट्रॅक्टरला जोडायच्या लोडरच्या तक्त्यात तशी नसते. तो तक्ता फक्त हातांची आणि जॅकची ताकद सांगतो. कोणत्या ट्रॅक्टरला जोडणार, त्याच्या मागे काय लटकलेलं असेल, जमीन कशी असेल हे त्याला माहीत नसतं. एकच लोडर तीन हजार किलोंच्या ट्रॅक्टरवर सुरक्षित आणि दीड हजारांच्या ट्रॅक्टरवर जीवघेणा ठरू शकतो, आणि पत्रक दोघांनाही तेच मिळतं.

आकड्यावर विश्वास ठेवून फसलेला मी पहिला नव्हे, हे वाचून थोडं बरं वाटलं. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं आणि प्रत्येक कंपनी मनाला येईल ती हॉर्सपॉवर छापत होती. नेब्रास्का राज्यातला विल्मट क्रोझियर नावाचा एक शेतकरी ‘फोर्ड’ नाव बघून ट्रॅक्टर घेऊन बसला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, मिनियापोलिसच्या एका कंपनीनं फोर्ड आडनावाचा माणूस गाठून ते नाव लावलं होतं. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. क्रोझियर नेब्रास्काच्या विधिमंडळाचा सदस्य होता. १९१९ साली तिथे कायदा झाला, की राज्यात विकायच्या ट्रॅक्टरची आधी विद्यापीठात चाचणी व्हायला हवी आणि निकाल जाहीर व्हायला हवा. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या आणि बऱ्याच फुगवलेल्या आकड्यांतली हवा गेली. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होतं. ट्रॅक्टरची ताकद, इंधन, ब्रेक, मागची लिफ्ट असं सगळं तिथे तपासून अहवाल तयार होतो. बँकेत अनुदानाच्या प्रकरणांना त्या अहवालाचा उल्लेख असायचा. आहे की नाही एवढंच आम्ही बघत असू. आत काय लिहिलंय ते मी एकदाही उघडून पाहिलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

विक्रेत्याकडे आम्ही गेलो होतो. त्यानं चहा दिला. ‘आकडा बरोबरच आहे, मागे तक्ता दिलाय की,’ म्हणाला. खरंच दिला होता. मी म्हटलं, ‘मागचं वजन बसवायला हवं, हे विकताना का नाही सांगितलं?’ तो म्हणाला, ‘सगळ्यांना माहीत असतं, साहेब.’ साहेब हा शब्द त्यानं मला उद्देशून वापरला. मी उठलो.

वजन मात्र आम्ही बसवलं. दोनशे लिटरचं जुनं बॅरल, त्यात काँक्रीट, आणि ते मागच्या लिफ्टच्या दांड्यांना अडकवता येईल अशी लोखंडी चौकट. वेल्डरनं एका दिवसात करून दिली. काँक्रीट दोनशे लिटर म्हणजे पावणेपाचशे-पाचशे किलो होतं. ते मागच्या आसाच्या मीटरभर मागे लटकलं की मागच्या चाकांवर सातशेच्या वर भार वाढतो आणि पुढच्या आसावरचे अडीचशेच्या आसपास उतरतात. तोच तराजू, आता आपल्या बाजूनं. बॅरल नसेल तर पुतण्या रोटाव्हेटर अडकवून ठेवतो. तेही चालतं, पण वळताना तो कुठे लागेल याचं भान ठेवावं लागतं. मागच्या चाकांत पाणी भरून घेतलं ते वेगळं. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पुढच्या आसाला कमाल भार किती हेही दिलेलं असतं. ते पान त्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र मला त्याच्याकडून सक्तीनं कबूल करून घ्यावी लागली. भरलेल्या बकेटखाली किंवा शेजारी कुणी उभं राहायचं नाही, आणि बकेटमध्ये माणूस चढवायचा नाही. आंबे उतरवायला, मंडपाचं तोरण बांधायला, मिरवणुकीत फुलं उधळायला बकेटीत माणसं उभी केलेली आपण सगळीकडे बघतो. जॅकमधलं तेल एका रबरी नळीतून येतं. ती फुटली की हात खाली यायला क्षण लागत नाही, आणि कोणत्याही तक्त्यात त्याचा आकडा नसतो. या अटीवर पुतण्या जरा कुरकुरला. त्याच्या मित्राच्या लग्नाची वरात होती.

मामांनी दुसऱ्या दिवशी कामावर येऊन पहिलं काय केलं, तर फाळका हातोडीनं सरळ करायला घेतला. पुरता झाला नाही, अजून बाक आहे. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२४ च्या मेमध्ये, मी मुद्दाम उकिरडा उपसायच्या दिवशी गावी गेलो. बकेटीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं एक आडवी रेघ ओढलेली होती, निम्म्याच्या थोडी वर. ओलं खत रेघेपर्यंत, वाळलेलं काठोकाठ. मामा पंधरा पावलं लांब, चिंचेखाली विडी ओढत बसले होते आणि ट्रॅक्टर लांब गेल्याशिवाय फावड्याला हात लावत नव्हते.

दुपारी जेवताना पुतण्या सांगत होता, की पूर्वी सात बकेटींत भरणारी ट्रॉली आता ओल्या मालाला दहा-अकरा बकेटी घेते, डिझेल जातं आणि शेजारचे लोक वेळ मोजतात. वहिनी भाकरी वाढत होत्या. ‘मग भाडं वाढव,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून तव्याकडे वळल्या.